लुझविमिंदाच्या गावची गोष्ट

आई कुवेतहून यायची दोन वर्षांतून एकदा,
नेमका नवतपा लागला की.
बॅगेत दूध पावडरचे डबे, बाम, दादासाठी घड्याळ,
आणि कस्टमवाल्यांना न सापडलेली एक गोष्ट.

इंदोऱ्यात तेव्हा रात्री लाइट जायची.
कूलरची टट्टी ओली, पंखा गप्प.
आई राकेलची चिमणी लावायची
अन् माझा हात धरून 'ळ' गिरवता गिरवता म्हणायची,
"लुझविमिंदाच्या गावी एक पोट्टा होता."

लुझविमिंदा म्हणजे वरच्या खाटेवरची बाई.
नर्सेसच्या खोलीत दुमजली खाटा,
आई खाली, ती वर.
रात्रपाळी संपली की दोघींना झोप यायची नाही.

"त्याची मायच त्याले शिकवे. असंच, खोबरेलाच्या दिव्यापाशी.
त्याचं ध्यान पुस्तकात कायले राहते?
दिव्याभोवती पाखरं.
मंग मायनं सांगितलं,
एका पाखरानं आपल्या पिल्लाले बजावलं,
ज्योतीपाशी जाऊ नोको. पिल्लू गेलंच.
पोट्टा म्हणे, त्याचं काय चुकलं?
उजेड तर सुंदरच होता."

"मंग?"

"मंग झोप आता."

दर सुट्टीत थोडी थोडी गोष्ट वाढायची.
एका मे महिन्यात त्या मायला शिपायांनी धरलं,
दूरच्या तुरुंगापर्यंत पायी चालवत नेलं.
आई हे सांगताना स्वतःचे पाय दाबायची.
एका मे महिन्यात मोठा भाऊ आला गोष्टीत,
घरच्यांना न कळू देता धाकट्याला जहाजात बसवणारा.
तेव्हा दादानं कूस बदलली.
मला वाटलं, झोपेत.

कॉलेजच्या लायब्ररीत मला शेवट सापडला.
पस्तिसावं वर्ष, सकाळ, मैदान, बंदुका.
फोनवर आईशी भांडलो, तू सांगितलं नाहीस म्हणून.
तिकडून तिच्या वॉर्डातल्या घंटीचा आवाज आला.
म्हणाली, "माहीत होतं मले.
लेकराले कोनी शेवट सांगते काय?"

आई गेली तेव्हा थंडी होती.
पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी, खुर्च्या रचून होत असताना,
अनोळखी नंबरावरून फोन आला.
मोडक्या हिंदीत एक म्हातारा आवाज रडत होता,
मग थांबून म्हणाला,
"तुम छोटा? बडा किधर है? कीर्तिपाल?"

तिच्या तीन मुलांना, म्हणे, तो पाठ होता.
दिवा लावून ती त्यांना सांगायची,
नागपूर नावाच्या गावात एक मुलगा होता.
धाकट्याची फी भरायची म्हणून
त्यानं पॉलिटेक्निक सोडलं,
हिंगण्याच्या कारखान्यात लागला.
एक दिवस भट्टीपाशी उजवा हात भाजला,
तर हात खिशात घालून घरी आला,
धाकट्याची परीक्षा होती म्हणून.

"फिर?" मी विचारलं.

"फिर बच्चा लोग सो जाता था."

मला आठवला तो मार्च.
दादा महिनाभर डाव्या हाताने जेवत होता.
थंडी वाजते, म्हणाला होता, मार्चमध्ये,
आणि मी, बोर्डात येणारा हुशार पोरगा,
हो म्हणून पुस्तकात डोकं घातलं होतं.

आईला त्यानंच कळवलं असणार,
पत्रात, डाव्या हाताच्या अक्षरात.
आणि तिनं ती गोष्ट मला नाही,
समुद्रापलीकडच्या लेकरांना दिली.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर दादा जेवायला बसला.
लाइट होती. ट्यूबलाइटवर एक पाखरू
टक टक आपटत होतं.
मी त्याच्या हाताकडे पाहत राहिलो,
अंगठ्याखालची गुळगुळीत, गुलाबी चामडी,
इतकी वर्षं मला वाढताना, वाटी सरकवताना
दिसत होतीच की.

"काऊन पाहून राहिला बे?"

"काही नाही," मी म्हटलं.
"हात खिशात घालून तू घरी आला.
मंग?"

दादानं घास खाली ठेवला.